मिल उघडता, तसा सर्व्हरही उघडा

कारखान्याची धुराडी थंडावली की पंधरा दिवसांत ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बेअरिंगे उघडली जातात, बॉयलरच्या ट्यूब साफ होतात, ऊस वाहून नेणाऱ्या कॅरिअरच्या साखळीची कडी न् कडी पाहिली जाते. कोणता भाग किती हंगाम चालतो, हे फिटरला तोंडपाठ असते. त्याच आवारात, ऑफिसच्या एका कुलूपबंद खोलीत, बारा महिने चोवीस तास चालणारे आणखी एक यंत्र असते. त्याचे झाकण शेवटचे कधी निघाले होते, असे विचारले तर ईडीपी, म्हणजे संगणक विभागात सगळे एकमेकांकडे बघतात. चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा, हे सर्व्हरबाबतचे आपल्याकडचे सर्वमान्य धोरण.

हा लेख त्या झाकणाखालच्या कामाबद्दल आहे. डोळ्यांसमोर साखर कारखाना ठेवला आहे, कारण अहिल्यानगर जिल्ह्यात सर्व्हरला सगळ्यात कडक नोकरी तिथे करावी लागते. लोणीला १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला तेव्हा ऊसनोंद, काटापावती, तोडणी मुकादमाची उचल, सगळे खतावण्यांत होते. आज ते एका डेटाबेसमध्ये आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यावे लागतात. त्यापुढे वार्षिक १५ टक्के व्याज. सर्व्हर बंद पडून काटा थांबला तर गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते आणि उताराही घटतो. पतसंस्था, दूध संघ, सुपा-नागापूरच्या एमआयडीसीतले उद्योग यांनाही यातले बहुतेक लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी मुहूर्ताचे बोलू. हंगाम संपल्या संपल्या सर्व्हर उघडू नका. शेवटच्या पंधरवड्याची बिले, तोडणी-वाहतुकीचे हिशोब, मार्चअखेर आणि लेखापरीक्षण यांत जून उजाडतो. जुलै-ऑगस्ट हा खरा मोकळा काळ. पावसाने धूळ बसलेली असते, उन्हाळा उतरलेला असतो आणि एखादा भाग मागवावा लागला तर तीन-चार आठवडे हाताशी असतात. सप्टेंबरात सर्वसाधारण सभेचे अहवाल काढायचे असतात, त्याआधी यंत्र जागेवर हवे. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी नव्या भागांनी निदान महिनाभर काम केलेले असावे. इलेक्ट्रॉनिक वस्तू मुळातच सदोष असेल तर ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दगा देते. तो दगा ऑगस्टमध्ये परवडतो, नोव्हेंबरात नाही. पतसंस्थांनी लेखापरीक्षण आटोपल्यावरचा दुसरा किंवा चौथा शनिवार धरावा. दूध संघाला मात्र बंद हंगाम असा नसतोच. तिथे दहा दिवसांचे बिल खात्यावर गेले की त्याच रात्रीचे, दोन संकलनांमधले तास गाठावे लागतात.

आता खोली. सर्व्हर बिघडायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा त्याच्या पेटीबाहेर. बगॅसचा भुसा हलका आणि तंतुमय असतो. तो पंख्याच्या जाळीत अडकतो आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. बॉयलरची राख त्याहून बारीक, तिच्यात न जळलेला कार्बन असतो, आणि कार्बनमधून वीज वाहते. पावसाळ्यात ती ओलावा धरते. तिसरा शत्रू दिसत नाही. साखर शुभ्र करण्यासाठी रसाला गंधकाचा धूर देतात. शेजारी डिस्टिलरी किंवा सांडपाण्याचा प्रकल्प असेल तर सडक्या अंड्याच्या वासाचा वायूही येतो. हे वायू तांबे आणि चांदी खातात, आणि सर्किट बोर्डावर दोन्ही धातू असतात. खोलीत हा त्रास आहे का, हे पाहायला महागडे उपकरण लागत नाही. तांब्याची एक आणि चांदीची एक पट्टी चकचकीत घासून रॅकच्या पुढच्या बाजूला टांगा. महिन्याभरात त्या चांगल्याच काळवंडल्या तर खिडकीच्या फटी बुजवा, दाराला रबरी पट्टी लावा आणि बाहेरची हवा आत ओढणारा पंखा काढून टाका.

तापमान मोजायचे ते सर्व्हरच्या तोंडाशी. तो पुढून गार हवा घेतो, मागून गरम सोडतो. पुढे येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी, अशी अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे आणि उत्पादक कंपन्या तिचाच आधार घेतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून दोन एसी घ्या आणि टायमरवर आळीपाळीने चालवा. संध्याकाळी ऑफिस सुटताना शिपाई सवयीने एसी बंद करतो, त्याला आवर्जून सांगा. एसीचे युनिट रॅकच्या डोक्यावर कधीही नको. त्याची पाण्याची नळी तुंबणार, हे गृहीत धरा. रॅक भिंतीला चिकटवू नका, मागे माणूस उभा राहील इतकी जागा सोडा. आणि केबल आत येते ते भोक फोमने बंद करा. उंदीर, मुंग्या आणि पाली यांना यूपीएसची ऊब फार आवडते.

विजेवर थोडे रेंगाळायला हवे, कारण कारखान्याची गोष्ट इथे वेगळी आहे. बंद हंगामात सर्व्हर महावितरणच्या विजेवर चालतो आणि हंगामात कारखान्याच्या स्वतःच्या टर्बाइनवर. मिलवरचा भार अचानक बदलला किंवा टर्बाइन ट्रिप झाले की दाब आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही हलतात. ऑगस्टमध्ये उत्तम चाललेला यूपीएस नोव्हेंबरात तासातासाला बॅटरीवर जातो, याचे कारण बरेचदा हेच असते. म्हणून यूपीएस ऑनलाइन प्रकारचा घ्या, म्हणजे सर्व्हरला नेहमीच घडवलेली, स्वच्छ वीज मिळते. टर्बाइनची चाचणी होईल त्या दिवशी ईडीपीचा एक माणूस यूपीएससमोर उभा करा. जनरेटर असेल तर तोही भारासह चालवून पाहा. काही यूपीएस जनरेटरची डळमळती वीज घ्यायलाच नकार देतात, हे ऐन वेळी कळू नये. त्या यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नका. तो गरम होताना क्षणात खेचतो तेवढा भार सर्व्हरही खेचत नाही.

यूपीएसच्या पडद्यावर बॅटरी १०० टक्के दिसते, त्यावर विसंबू नका. तो आकडा बॅटरी भरली आहे एवढेच सांगतो. ती किती वेळ तग धरेल ते सांगत नाही. आपल्याकडे वापरतात त्या बंदिस्त लेड-ॲसिड बॅटऱ्या तीन ते पाच वर्षे टिकतात, आणि तेही खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर. तापमान दहा अंशांनी चढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. वर्षातून एकदा मेन्स बंद करून घड्याळ लावून बसा. बॅटऱ्या बदलायच्या तर पूर्ण संच बदला. तीन नव्या आणि एक जुनी अशी जुळणी केली की जुनी नव्यांनाही घेऊन बुडते.

अर्थिंगचा खड्डा तर सगळे विसरूनच जातात. प्रवरा-गोदावरीच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते. पारनेर-पाथर्डीकडच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत अर्थ मुळातच कमजोर लागतो. इलेक्ट्रिशियनकडून मे महिन्यात, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांत, अर्थचा रोध मोजून घ्या आणि तो एक-दोन ओहमच्या आत आणा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब सर्व्हरच्या प्लगपाशी तीन व्होल्टच्या आत असला पाहिजे. मल्टिमीटरवर दोन मिनिटांचे काम आहे. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात ते दोन वेगळ्या यूपीएसवर, निदान दोन वेगळ्या सर्किटवर हवेत. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या मी इतक्या ठिकाणी पाहिल्या आहेत की हल्ली आधी तिकडेच नजर जाते.

आता झाकण. थांबा, त्याआधी बॅकअप. आणि बॅकअप म्हणजे घेतलेला नव्हे, दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून पाहिलेला. मागच्या हंगामातल्या एखाद्या सभासदाचे बिल त्या प्रतीतून काढा आणि मूळ बिलाशी ताडा. जुळले तर बॅकअप आहे असे म्हणा. मग डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड व्यवस्थेची मांडणी, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या जागेत कोणती डिस्क आणि तिचा अनुक्रमांक काय, हे कागदावर उतरवा. मागच्या बाजूचा, प्रत्येक केबल दिसेल असा फोटो घ्या. केबलांना लेबले लावा. सर्व्हरचा सर्व्हिस टॅग लिहून ठेवा, सुटे भाग त्यावरूनच मिळतात.

एक युक्ती जुन्या हातांना ठाऊक असते. काही बदलण्याआधी सर्व्हर होता तसाच एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. वर्षानुवर्षे न थांबलेला सर्व्हर कधी कधी बंद केल्यावर उठतच नाही. सतत फिरणारी जुनी डिस्क एकदा गार झाली की पुन्हा फिरायला नकार देते. असे झाले तर निदान एवढे कळते की दोष जुना आहे, तुम्ही आता लावलेल्या रॅमचा नाही. हे कळले नाही तर चुकीच्या दिशेने शोधण्यात अख्खी रात्र जाते.

वीज तोडताना दोन्ही पॉवर कॉर्ड काढा आणि सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आतला उरलेला भार उतरतो. सर्व्हर रॅकमधून बाहेर काढायला दोन माणसे लागतात. एकट्याने ओढून रॅकचे रेल वाकवण्याचे शौर्य नको. मनगटाला अँटी-स्टॅटिक पट्टा बांधा आणि त्याची क्लिप पेटीच्या रंग न दिलेल्या धातूला लावा. आपल्या हवेत हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ओलावा इतका कमी असतो की खुर्चीतून उठताना अंगावर जमलेला भार रॅमची चिप मारू शकतो, आणि तुम्हाला साधा चटकाही जाणवत नाही.

धूळ काढायला सर्व्हर खोलीबाहेर, व्हरांड्यात आणा. इथे कारखान्यातला एक मोह टाळायचा आहे. वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरचा पाइप ओढून आणायचा आणि एका फवाऱ्यात काम उरकायचे, असे कुणीतरी नक्की सुचवेल. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असते. हातातला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर वापरा आणि मऊ ब्रश. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या जोराने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जाते आणि उलटी वीजही तयार होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. तोंडाला मास्क बांधा. बगॅसची धूळ फुप्फुसालाही सोसत नाही.

रॅम बसवणे सोपे आहे, निवडणे अवघड. सर्व्हरची रॅम ईसीसी असते, म्हणजे बारीकसारीक चूक स्वतः सुधारते. तिच्यातही रजिस्टर्ड आणि अनबफर्ड असे प्रकार आहेत. डीडीआर४ पिढीत दोन्ही एकाच स्लॉटमध्ये बसतात, पण एकत्र लावले की सर्व्हर सुरू होत नाही. बाजारात 'सर्व्हर रॅम' एवढेच म्हणून मागू नका. जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो दुकानदाराला पाठवा आणि पार्ट नंबर जुळवून घ्या. कोणता स्लॉट आधी भरायचा याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. त्याप्रमाणेच भरा. प्रोसेसर एकच असेल तर दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूचे स्लॉट मेलेले असतात, तिथे कितीही रॅम लावली तरी ती दिसणार नाही.

बसवताना स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा आधी पूर्ण उघडा. पट्टी कडांनी धरा, सोनेरी दातांना बोट लागू देऊ नका. पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर येते का ते पाहा. ती मधोमध नसते, जरा एका बाजूला असते. जुळत नसेल तर पट्टी उलटी आहे किंवा पिढीच वेगळी आहे. मग दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सारखा दाब द्या. दोन्हीकडच्या क्लिपा आपोआप वर येऊन टक् असा आवाज करतात. एकीकडूनच आवाज आला तर काढून पुन्हा बसवा. रॅमचे दात खोडरबरने घासायची आपल्याकडची जुनी रीत सर्व्हरला लावू नका. रबर सोन्याचा पातळ थर झिजवतो आणि मागे कचरा सोडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड पुरते.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा बराच वेळ काळा राहतो. सर्व्हर नव्या पट्ट्या ओळखून त्यांची जुळवणी करत असतो. रॅम भरपूर असेल तर याला बरीच मिनिटे लागतात. घाबरून बटण दाबणारे पुष्कळ. चहा मागवा आणि तो संपेपर्यंत हात लावू नका.

प्रोसेसर आणि त्याचा हीटसिंक उघडायचे काम कंपनीच्या इंजिनिअरवर सोडा. सॉकेटमधल्या पिना केसासारख्या असतात आणि एक वाकली तर मदरबोर्ड गेला. तो हे काम करत असेल तेव्हा दोन गोष्टींवर नजर ठेवा: जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसली जाते का, आणि स्क्रू त्यांच्यावर छापलेल्या क्रमाने आवळले जातात का.

सगळ्यात जास्त अनर्थ होतात ते डिस्कपाशी. सर्व्हरमध्ये अनेक डिस्क रेड नावाच्या व्यवस्थेने जोडलेल्या असतात आणि एखादी गेली तरी काम चालू राहते. ही सोय इतकी चांगली आहे की एक डिस्क मेल्याचा पिवळा दिवा महिनोन्महिने लुकलुकत राहतो आणि कुणी बघतही नाही. रेड ५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते. दुसरी गेली की सगळा डेटा गेला. आणि दुसरी जाते ती नेमकी कधी? पहिलीच्या जागी नवी लावून सर्व्हर तिच्यावर डेटा उतरवत असताना. सगळ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच वयाच्या असतात. पुनर्बांधणीत उरलेल्या डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचला जातो, आणि मोठ्या डिस्कना यासाठी कित्येक तास, कधी दिवस-दीड दिवस लागतो. म्हणून मोठ्या फिरत्या डिस्कवर रेड ५ वापरू नका. दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रेड ६ घ्या, किंवा डेटाबेससाठी रेड १०. शिवाय एक डिस्क हॉट स्पेअर म्हणून आतच बसवून ठेवा.

मेलेली डिस्क बदलताना दिव्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. रेडच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन खराब डिस्कचा अनुक्रमांक पाहा, 'लोकेट' आज्ञा देऊन तिचा दिवा लुकलुकवा, आणि कागदावरच्या यादीशी ताडून मगच हात घाला. चांगली डिस्क ओढली गेली तर चालता सर्व्हर त्या क्षणी झोपतो. खटका दाबून डिस्क इंचभर बाहेर काढा, अर्धा मिनिट तशीच राहू द्या, आतली तबकडी थांबली की पूर्ण काढा. नवी डिस्क क्षमतेने तेवढी किंवा मोठी, आणि त्याच जातीची हवी: सॅसच्या जागी सॅस, साटाच्या जागी साटा, सेक्टरचा आकारही तोच. घरगुती संगणकाची एसएसडी स्वस्त मिळते म्हणून लावू नका. सर्व्हरच्या एसएसडीत लाईट गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर असतात, घरगुतीत सहसा नसतात, आणि आपल्याकडे लाईट कशी जाते हे सांगायला नको.

डिस्क एका सर्व्हरमधून दुसऱ्यात हलवल्या की पडद्यावर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' असा संदेश येतो आणि दोन पर्याय दिसतात, इम्पोर्ट आणि क्लिअर. क्लिअर दाबलेत तर कोणत्या डिस्कवर डेटाचा कोणता तुकडा आहे, ही माहितीच पुसली जाते. रात्री दोन वाजता, झोप आलेल्या माणसाने हा निर्णय घेऊ नये. आणि रेड हा बॅकअप नव्हे. हिशोबनिसाने चुकून मागच्या पंधरवड्याच्या नोंदी पुसल्या तर रेड त्या सगळ्या डिस्कवरून तितक्याच इमानदारीने पुसतो. एक प्रत आवाराबाहेर ठेवा, आणि ती सर्व्हरला कायम जोडलेली नको.

रेड कार्डावर एक छोटी बॅटरी किंवा कपॅसिटर असतो. तो मेला की कार्ड सावध होते आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहूनच पुढे जाते. परिणाम? सर्व्हर एकाएकी मंदावतो, बिले काढायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि सगळे मिळून सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घालतात. मंद सर्व्हरच्या तक्रारीत मी आधी ही बॅटरी पाहायला सांगेन. तशीच मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२. किंमत अगदी किरकोळ, पण ती संपली आणि लाईट गेली की सर्व्हरचे घड्याळ मागे जाते आणि काटापावत्यांवर भलतीच तारीख छापली जाते. ती दर तीन वर्षांनी बदला. घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा; केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तेच सांगितले आहे, आणि लॉग १८० दिवस जपायलाही.

झाकण लावताना रिकाम्या जागांचे प्लास्टिकचे ठोकळे पुन्हा बसवा. ते शोभेचे नसतात; ते नसले तर गार हवा मोकळ्या वाटेने निघून जाते आणि प्रोसेसर तापतो. झाकण उघडे ठेवून वर टेबलफॅन लावायची क्लृप्ती याच कारणाने उलटते. खंडेनवमीला रॅकची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू दाराच्या चौकटीला लावा. सर्व्हरच्या तोंडाच्या जाळीवर टाकलेली चिमूट पंखे थेट मदरबोर्डवर नेतात, आणि उदबत्तीची राखही.

मग एक रात्रभर रॅमची आणि डिस्कची चाचणी चालवा. सर्व्हरच्या पोटात एक छोटा पहारेकरी संगणक असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोव्होत एक्सक्लॅरिटी. मुख्य यंत्र झोपले तरी तो जागा असतो. डिस्क, पंखा, तापमान यांच्या तक्रारी तो ईमेलवर पाठवू शकतो, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो कधी जोडलेलाच नसतो. जोडा, मूळ पासवर्ड बदला, तो इंटरनेटवर उघडा ठेवू नका, आणि एक पॉवर कॉर्ड मुद्दाम काढून ईमेल खरेच येते का ते पाहा. ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात नाही ना, हेही बघा.

एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा कागद या वेळी शांतपणे वाचा. 'नेक्स्ट बिझनेस डे' म्हणजे शनिवारी संध्याकाळी डिस्क गेली तर इंजिनिअर सोमवारी किंवा मंगळवारी. गळिताला रविवार नसतो. इंजिनिअर पुण्याहून येणार असेल तर नगर गाठायलाच सव्वाशे किलोमीटर, आणि राज्यातल्या या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात अकोले किंवा जामखेड त्याहून दूर. तेव्हा हंगामापुरते चार तासांत येण्याचे कलम घाला. ते महाग वाटले तर दोन डिस्क, एक पॉवर सप्लाय आणि एक पंखा कपाटात ठेवा. सर्व्हर जुना होऊन वॉरंटी संपली असेल तर त्याच मॉडेलचा एक वापरलेला सर्व्हर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवणे बरेचदा एएमसीपेक्षा स्वस्त पडते.

बॉयलरला लॉगबुक असते. तशीच एक वही सर्व्हरच्या खोलीत टांगा. कोणता भाग, कोणत्या तारखेला, कुणी बदलला, जुन्याचा आणि नव्याचा अनुक्रमांक काय. हे सर्व्हरवरच्या एक्सेल फाइलमध्ये लिहू नका. सर्व्हर बंद पडला की ती फाइल उघडायची कुठे?

राहिल्या काढलेल्या डिस्क. त्या स्टोअरमधल्या भंगाराच्या ढिगात जाऊ देऊ नका. त्यांच्यावर सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, सात-बाऱ्याचे तपशील असतात, आणि रेडमधून काढलेली मेलेली डिस्कही अंशतः वाचता येते. फिरत्या डिस्कला वर्कशॉपमध्ये ड्रिलने तबकडीतून आरपार दोन-तीन भोके पाडा. एसएसडीची चिप न् चिप फोडावी लागते, चुंबकाने तिचे काही बिघडत नाही. मग त्या नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे मोठ्या वापरकर्त्यांना ते बंधनकारक आहे. अनुक्रमांक वहीत लिहून समोर ईडीपी आणि स्टोअर दोघांच्या सह्या घ्या, आणि केंद्राची पावती त्याच पानाला टाचून ठेवा.